नव्या विंडोजचे अंदाजपत्रक

अर्थसंकल्पाला आपल्याकडे जुना शब्द आहे अंदाजपत्रक. पुढच्या वर्षी काय येईल आणि काय जाईल याचा आधी बांधलेला अंदाज, एवढाच त्याचा अर्थ. १ फेब्रुवारीला केंद्र सरकारचे अंदाजपत्रक मांडले जाण्यापूर्वी महिनाभर तर्कांना ऊत येतो. कोणता कर उतरणार, काय स्वस्त होणार, याची चर्चा चहाच्या टपरीपासून स्टाफरूमपर्यंत चालते. संगणकाच्या जगातही असाच एक हंगाम असतो. विंडोजची नवी आवृत्ती येणार अशी कुणकुण लागली, की तीत काय काय असेल हे सांगणाऱ्यांचे पीक येते. खिडक्यांचे कोपरे गोल होणार, स्टार्टचे बटण हलणार, संगणक आपोआप पत्रे लिहिणार, एक ना दोन!

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण मला हा विषय जितका संगणकशास्त्राचा तितकाच हिशेबाचा वाटतो. अकौंटन्सीच्या पहिल्याच वर्षी आपण सावधगिरीचे तत्त्व शिकतो. जो नफा अजून हाती आलेला नाही तो जमेस धरू नये. जे नुकसान होण्याचा संभव आहे त्याची तरतूद मात्र आधीच करावी. येणे संशयास्पद असेल तर त्यासाठी निधी बाजूला काढावा. शिल्लक मालाची किंमत खरेदीभाव आणि बाजारभाव यांत जी कमी असेल तीच लावावी. हे तत्त्व नव्या विंडोजच्या अंदाजाला लावून पाहिले, तर चित्र एकदम पालटते. नव्या आवृत्तीत येणार म्हणून ज्याचा गाजावाजा होतो ते पुष्कळदा येतच नाही. जे जाणार असते त्याची सूचना मात्र तीन-तीन, पाच-पाच वर्षे आधी कुठल्या तरी रुक्ष कागदात छापलेली असते, आणि ती कोणी वाचत नाही.

पुढे जाण्यापूर्वी ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय हे थोडक्यात सांगते. मोठ्या पेढीत एक दिवाणजी असतो. गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे, हमालांना कामे वाटून देणारा तो, गिऱ्हाईक आले तर कोणी बोलायचे हे ठरवणाराही तोच. संगणकात पडदा, कळफलक, छपाईयंत्र, साठवणीची डिस्क ही सगळी हमाल-गोदामे. आपण वापरतो ते हिशेबाचे, टायपिंगचे, चित्रांचे प्रोग्रॅम ही गिऱ्हाइके. आणि मधला दिवाणजी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. दिवाणजी बदलला की नवा काय नवे करतो याची उत्सुकता सर्वांना असते. पण जुन्या दिवाणजीला ज्यांची खूण माहीत होती त्या जुन्या गिऱ्हाइकांना नवा दारात उभे करील का, हा प्रश्न अधिक जिकिरीचा आहे.

आधी जमेची बाजू पाहू. हिचे सर्वात बोलके उदाहरण लाँगहॉर्नचे. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. तिच्यानंतर यायच्या आवृत्तीचे कंपनीतील टोपणनाव लाँगहॉर्न. (कॅनडात व्हिसलर आणि ब्लॅककोंब असे दोन डोंगर आहेत. एक्सपीचे टोपणनाव व्हिसलर होते आणि पुढच्या मोठ्या आवृत्तीचे ब्लॅककोंब ठरले होते. मधल्या छोट्या आवृत्तीला त्या दोन डोंगरांच्या पायथ्याशी असलेल्या एका मद्यगृहाचे नाव दिले गेले, ते हे लाँगहॉर्न. मधला टप्पा म्हणून मधले नाव.) ऑक्टोबर २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या परिषदेत बिल गेट्स यांनी हे लाँगहॉर्न प्रोग्रॅमरांसमोर मांडले. त्याचे तीन खांब सांगितले होते : पडद्यावरील चित्रणासाठी अॅव्हलॉन, संगणकांच्या आपसांतील दळणवळणासाठी इंडिगो आणि साठवणीसाठी विनएफएस.

यांतला विनएफएस समजावून घेण्यासारखा आहे. आज आपण फाइल ज्या फोल्डरात ठेवतो तिथेच ती राहते. ही झाली कीर्द. ज्या क्रमाने व्यवहार घडले त्या क्रमाने नोंदी. पण 'अमक्याचे आजवरचे सगळे सांगा' असे कोणी विचारले तर कीर्द उलटत बसावे लागते. म्हणूनच आपण कीर्दीवरून खतावणी करतो. विनएफएस ही संगणकाची खतावणी व्हायची होती. एका व्यक्तीची पत्रे, तिचे फोटो, तिच्याशी ठरलेल्या भेटी, तिचे बिल, हे सर्व कुठल्याही फोल्डरात असो, एका खात्यावर दिसणार होते. कल्पना उत्तम होती यात शंका नाही. खरे म्हणजे ती लाँगहॉर्नहूनही जुनी होती. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टच्या 'कैरो' नावाच्या प्रकल्पात तशाच तऱ्हेची साठवण करायचे घाटत होते, आणि तो प्रकल्प त्या रूपात बाजारात आलाच नाही.

लाँगहॉर्नचे काय झाले? काम वाढत गेले, ते आवरेना. ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने जाहीर केले, की आवृत्ती २००६ मध्ये आणायची तर विनएफएस तीत असणार नाही. त्या सुमारास बरेचसे काम बाजूला ठेवून विंडोज सर्व्हर २००३ च्या पायावर नव्याने उभारणी सुरू झाली. जुलै २००५ मध्ये नाव ठरले व्हिस्टा. व्यापारी ग्राहकांना ती ३० नोव्हेंबर २००६ रोजी व सर्वसामान्यांना ३० जानेवारी २००७ रोजी मिळाली. म्हणजे एक्सपीनंतर पाच वर्षांहून अधिक काळ गेला. अॅव्हलॉन आणि इंडिगो नावे बदलून आले, आणि ते जुन्या एक्सपीलाही जोडता येत होते. म्हणजे त्यांच्यासाठी व्हिस्टा घ्यायची गरजच उरली नाही. विनएफएस स्वतंत्रपणे देण्याचा विचारही जून २००६ मध्ये सोडण्यात आला. खतावणी शेवटपर्यंत झाली नाही. कीर्दच चालू आहे, आणि आपण फायली शोधतच आहोत.

या व्हिस्टाच्या निमित्ताने आणखी एक प्रकार घडला, तो तर आमच्या व्यापारी कायद्याच्या पुस्तकात शोभेल. नवी विंडोज येणार हे कळल्यावर २००६ च्या नाताळात जुने संगणक कोण घेणार? म्हणून 'व्हिस्टा चालेल' अशा अर्थाची चिकटपट्टी लावून संगणक विकले गेले. त्यांपैकी काही यंत्रांवर व्हिस्टाची सर्वात साधी आवृत्तीच चालू शके. ज्या झगमगाटी पारदर्शक खिडक्यांची जाहिरात झाली होती त्या दिसत नसत. २००७ मध्ये सिअॅटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा लावला. २००८ मध्ये तो सर्व ग्राहकांच्या वतीने सामुदायिक दावा म्हणून मान्य झाला आणि २००९ मध्ये ती मान्यता काढून घेतली गेली. निकाल काय लागला यापेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते हे, की येणाऱ्या मालाच्या अंदाजावर आजचा माल विकला गेला.

याच्या उलटही होते. ऑस्बर्न नावाच्या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये हातात उचलून नेता येईल असा संगणक काढला आणि तो खूप खपला. पुढचे यंत्र यायच्या आधीच त्याची वार्ता फुटली, लोक जुने घेईनात, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळे काढले, असे सांगतात. दिवाळ्याला दुसरीही कारणे होती असे म्हणणारे आहेत. पण व्यापाराच्या भाषेत तो 'ऑस्बर्न परिणाम' म्हणून रूढ झाला खरा. (या कंपनीचे संस्थापक अॅडम ऑस्बर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ मध्ये कोडाईकनाल येथे त्यांचे निधन झाले, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना माहीत असेल.)

केवळ मायक्रोसॉफ्टचीच ही तऱ्हा आहे असे नाही. अॅपलने १९९४ मध्ये 'कोपलंड' या नव्या प्रणालीची घोषणा केली, १९९६ च्या ऑगस्टात ती गुंडाळली, आणि त्याच डिसेंबरात स्टीव्ह जॉब्ज यांची नेक्स्ट ही कंपनी विकत घेण्याचा करार केला. पुढे २००१ मध्ये मॅक ओएस एक्स आली ती नेक्स्टच्या पायावर.

कोणी म्हणेल, या जुन्या काळच्या गोष्टी. आता तर २०१४ पासून इनसायडर योजनेखाली कोणालाही चाचणीची आवृत्ती घेऊन बघता येते. डोळ्यांनी पाहिलेले तरी जमेस धरायचे की नाही? तेही धरू नये असे मी म्हणते. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'सेट्स' नावाची एक सोय जाहीर झाली होती. ब्राउझरमध्ये जसे टॅब असतात तसे प्रत्येक प्रोग्रॅमच्या खिडकीला यायचे होते. २०१८ च्या चाचणी आवृत्त्यांत ते लोकांनी वापरले, त्याची सवय लावून घेतली. आणि मग ते काढून टाकले गेले. फायलींच्या खिडकीला टॅब आले ते २०२२ मध्ये, विंडोज ११ मध्ये, निराळ्या तऱ्हेने. चाचणीतली सोय म्हणजे पुढच्या तारखेचा चेक. वटेपर्यंत तो कागदच.

आता खर्चाची बाजू. सुटीच्या दिवशी मी मार्केट यार्डातील एका अडत दुकानात हिशेब लिहायला जाते. मालक कानडी, मी मराठी; दुकानात दोन्ही भाषा एका वाक्यात नांदतात. तिथे गुळाच्या आवक-जावकीचा एक प्रोग्रॅम आहे. डॉसच्या काळात फॉक्सप्रोमध्ये कोणीतरी करून दिलेला, काळा पडदा, पांढरी अक्षरे, माउसचे कामच नाही. तो अजून बिनचूक पट्टी काढतो. जुन्या विंडोज १० च्या संगणकावर तो चालतो आणि सुईच्या छपाईयंत्रावर करकरत पावती येते. नवा संगणक घ्यायचा विषय निघाला तेव्हा मी अण्णांना नव्या विंडोजच्या गमती सांगू लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवले आणि म्हणाले, "एन् बरतैति अदन्न बिडवा, एन् होगतैति अदन्न हेळ." काय येते ते राहू दे बाई, काय जाते ते सांग. सावधगिरीचे तत्त्व मला कॉलेजात दोन तास लागून समजले होते. यार्डात ते एका वाक्यात आले.

काय जाते, याचे उत्तर काढणे मुळीच अवघड नव्हते. डॉसचे जुने प्रोग्रॅम सोळा बिटांच्या काळातले. बत्तीस बिटांच्या विंडोजमध्ये त्यांच्यासाठी एक वेगळी ओसरी राखलेली असे; चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये ती ओसरीच नाही. विंडोज १० दोन्ही प्रकारांत मिळत होती. मे २०२० च्या आवृत्तीपासून नव्या संगणकांसाठी बत्तीस बिटांची विंडोज उत्पादकांना देणे मायक्रोसॉफ्टने थांबवले. ही बातमी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर नव्हती. उत्पादकांसाठी असलेल्या माहितीत एका ओळीत होती. जिने ती ओळ वाचली तिला पुढची विंडोज केवळ चौसष्ट बिटांची असणार हे त्याच दिवशी सांगता आले असते. २०२१ मध्ये विंडोज ११ आली ती तशीच.

दुसरी ओळ याहून जुनी आहे. २८ जुलै २०१६ पासून नव्या संगणकांत टीपीएम २.० असलेच पाहिजे, अशी अट मायक्रोसॉफ्टने उत्पादकांना घातली. टीपीएम म्हणजे तिजोरीच्या किल्ल्या ठेवायची एक वेगळी लहानशी तिजोरी. डिस्कवरील मजकूर ज्या गुप्त किल्लीने बंद केलेला असतो ती किल्ली डिस्कवर न ठेवता या चिपमध्ये ठेवायची, म्हणजे डिस्क चोरीला गेली तरी चोराच्या हाती कुलूपच लागते. अट घातली तेव्हा विंडोज १० स्वतः या चिपेशिवाय सुखेनैव चालत होती. मग उत्पादकांना सक्ती कशासाठी? उघड आहे, कधीतरी ती वापरायची होती. पण त्या पाच वर्षांत चर्चा कशाची चालली होती? स्टार्टचे बटण डावीकडे राहील की मधे येईल याची! २४ जून २०२१ रोजी विंडोज ११ जाहीर झाली आणि टीपीएम २.० व साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर या अटी पुढे आल्या, तेव्हा एकच गिल्ला झाला. चांगले चालते संगणक एका रात्रीत 'अपात्र' ठरले. विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षेपुरती वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची ठेवण्यात आली.

इथे माझे मत मांडते. सुरक्षेचे कारण खोटे नाही. तथापि विंडोजच्या उत्पन्नाचा मोठा भाग नव्या संगणकांबरोबर ती आधीच घालून विकण्यातून येतो, हेही विसरून चालणार नाही. पात्र यंत्रांना नवी आवृत्ती फुकट दिली तरी अपात्र यंत्रांच्या जागी नवी यंत्रे घ्यावी लागतात, आणि प्रत्येक नव्या यंत्राबरोबर एक विंडोज खपते. तेव्हा पुढच्या आवृत्तीचा अंदाज बांधताना 'लोकांना काय आवडेल' हा प्रश्न दुय्यम. 'कोणत्या यंत्राची अट घातली जाईल' हा पहिला.

तोंडी आश्वासनांची तर मुळीच नोंद करू नये. मे २०१५ मध्ये शिकागोच्या एका परिषदेत कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने विंडोज १० ही शेवटची विंडोज, असे म्हटले आणि जगभर तेच धरून बसले. सहा वर्षांनी अकरा आली. त्याआधी २०१४ मध्ये सगळे विंडोज ९ ची वाट पाहत होते, तर आकडा एकदम दहावर गेला. आकड्यांच्या अंदाजात पडणे म्हणजे मटका लावणे.

एक मजेदार खूण मात्र कामाची आहे. बुडालेल्या दुकानाचा माल कुठे जातो तिकडे लक्ष ठेवावे. मायक्रोसॉफ्ट दोन पडद्यांच्या यंत्रांसाठी विंडोज १० एक्स नावाची प्रणाली करत होती. मे २०२१ मध्ये ती आणणार नाही असे सांगून तिच्यातील काम इतरत्र वापरू असे कंपनीने जाहीर केले. पुढच्याच महिन्यात विंडोज ११ दिसली, आणि पडद्याखालच्या पट्टीवर मधोमध मांडलेली चिन्हे थेट त्या बुडित दुकानातली होती.

येथवर कंपनीच्या घरातले झाले. परंतु ऑपरेटिंग सिस्टिममध्ये काय येणार हे काही बाबतींत कंपनीच्या बाहेर ठरते, आणि आपल्या अंकाच्या दृष्टीने तोच भाग सर्वात जिव्हाळ्याचा. युनिकोड हा जगातील लिप्यांचा एक सामाईक तक्ता आहे. प्रत्येक अक्षराला त्यात एक ठरलेला क्रमांक. तो नव्हता तेव्हा प्रत्येक फाँटवाल्याची स्वतःची मांडणी असे, आणि एका फाँटात टाइप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला तर नुसती भुताटकी दिसे. एखादे अक्षर त्या तक्त्यात शिरले, की आज ना उद्या ते प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिममध्ये येणारच. हा अंदाज जमेस धरायला हरकत नाही. फक्त उशीर किती, एवढाच प्रश्न.

आणि उशीर होतो. देवनागरी नीट जोडाक्षरांसह दाखवण्याची सोय विंडोजमध्ये प्रथम आली ती फेब्रुवारी २००० मध्ये बाजारात आलेल्या विंडोज २००० मध्ये, मंगल या फाँटासह. कानडीला विंडोज एक्सपीची वाट पाहावी लागली. तेव्हा तुंगा हा फाँट आला. म्हणजे या अंकाचा मराठी विभाग २००० साली ज्या यंत्रावर युनिकोडात लिहिता आला असता, त्याच यंत्रावर कानडी विभाग पाऊण-दोन वर्षे थांबला असता! एक्सपीतही ही सोय मुळात बंद असे; सेटिंगमध्ये जाऊन खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. व्हिस्टापासून ती आपोआप मिळू लागली. ज्या व्हिस्टाला जगाने नावे ठेवली तिचे एवढे ऋण आपण मानायला हवे. पुढे २०१९ मध्ये विंडोज १० मध्ये मराठी आणि कानडीसह दहा भारतीय भाषांना उच्चारानुसार टाइप करण्याचा कळफलक आला. 'बेळगाव' हे नाव इंग्रजी अक्षरांनी टाइप करून देवनागरीत उमटते आणि कळफलक बदलला की तसेच कानडीत, हे आज आपल्याला साधे वाटते. यातले काहीही कोणत्याही गाजलेल्या अंदाजांच्या यादीत नव्हते.

रुपयाच्या चिन्हाची गोष्ट तर कॉमर्सच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी. १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने ₹ हे चिन्ह स्वीकारले. ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोडच्या ६.० आवृत्तीत त्याला क्रमांक मिळाला. २०११ मध्ये विंडोज ७ साठी त्याची सुधारणा मिळू लागली, आणि २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते मुळातच होते. सरकारी निर्णयापासून अधिकृत क्रमांकापर्यंत जेमतेम तीन महिने. पण लोकांना तेवढाही धीर नव्हता. मंगळूरच्या एका कंपनीने लगेच फाँट काढला, त्यात कळफलकावरील एका क्वचित लागणाऱ्या चिन्हाच्या जागी ₹ बसवले होते. हौस भागली, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर बिल उघडले की रकमेआधी एक निरर्थक टिंबासारखी खूण. पैशाच्या कागदावर असली अंदाजपंचे चालत नाही.

उघड्या कपाटात काय आहे याचा अंदाज कशाला बांधायचा? लिनक्सचे तसे आहे. काम सर्वांसमोर चालते; उबुंटूची आवृत्ती एप्रिल आणि ऑक्टोबरात येते आणि तिच्या क्रमांकातच वर्ष-महिना असतो. तिथे तर्काला वाव कमी म्हणून चर्चेलाही रंग कमी. उलट अँड्रॉइडवाल्यांनी काय येणार यापेक्षा नाव काय ठेवणार यावरच लोकांना गुंतवले होते. मिठायांच्या नावांच्या त्या काळात, २०१६ मध्ये, 'एन' अक्षरासाठी केरळीयांनी नेय्यप्पमचा जोरात आग्रह धरला. शेवटी नाव पडले नूगा. २०१९ पासून ही जाहीर मिठाईची नावे बंद झाली, आणि आपल्या करदंटाची 'के' ची संधी तर त्याआधीच किटकॅटने घेतली होती!

मग विंडोज ११ नंतरच्या आवृत्तीबद्दल मी काय लिहीन? २०२३ पासून बारा क्रमांकाची विंडोज २०२४ मध्ये येणार असे ठामपणे सांगितले जात होते. १ ऑक्टोबर २०२४ रोजी आली ती अकराचीच २४एच२ ही आवृत्ती. तेव्हा तारीख आणि नाव मी रिकामे सोडते. जमेच्या बाजूला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी पेन्सिलीने लिहिते. कारण 'रिकॉल'चे उदाहरण ताजे आहे. पडद्यावर केलेले सर्व काही संगणकाने लक्षात ठेवावे अशी ही सोय २० मे २०२४ रोजी जाहीर झाली, महिनाभरात यायची होती. खासगी गोष्टी उघड्या पडतील म्हणून टीका झाली आणि ती सर्वांसाठी खुली व्हायला एप्रिल २०२५ उजाडले. तीही फक्त कोपायलट प्लस म्हटल्या जाणाऱ्या यंत्रांवर.

खर्चाच्या बाजूला मात्र शाईने दोन नोंदी. पहिली त्याच कोपायलट प्लस यंत्रांच्या अटीची : सोळा जीबी मेमरी आणि सेकंदाला चाळीस लक्ष कोटी आकडेमोडी करणारा वेगळा प्रोसेसर. आज ती अट फक्त काही सोयींपुरती आहे. २०१६ मध्ये टीपीएमचीही गोष्ट अशीच फक्त उत्पादकांपुरती होती. ही अट सबंध विंडोजला लागेलच असे मी म्हणत नाही. पण पाच-सहा वर्षे वापरायचा म्हणून आज जो आठ जीबीचा संगणक घेतो, त्याने घसारा जरा चढ्या दराने धरावा.

दुसरी नोंद व्हीबीस्क्रिप्टची. ही एक जुनी छोटी आज्ञाभाषा. कचेऱ्यांतून रोजची बिले एका फोल्डरात गोळा करणे, महिनाअखेरीस बॅकअप घेणे असली कामे तिच्यात लिहून ठेवलेली असतात, आणि लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो. ही भाषा काढून टाकणार असे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले आणि २०२४ मध्ये टप्पेही दिले : प्रथम ती काढता-घालता येण्याजोगी, २०२७ च्या सुमारास मुळात बंद, आणि त्यानंतरच्या एखाद्या आवृत्तीत पूर्णपणे नाहीशी. वर्डपॅडचे असेच झाले. २०२३ मध्ये सूचना, २०२४ मध्ये गायब.

अण्णांच्या दुकानापुरते आम्ही असे ठरवले आहे. फॉक्सप्रोचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये चालवता येतो. पण तो मुळात जुने खेळ खेळता यावेत म्हणून केलेला, त्यातून पावती छापायला बरीच खटपट. म्हणून एप्रिलपासूनची खाती नव्या प्रोग्रॅमात, जुना संगणक इंटरनेटची वायर काढून मागील वर्षांची पट्टी पाहण्यासाठी तसाच. ज्यांना आपापल्या यंत्राची चौकशी करायची असेल त्यांनी विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि 'आर' एकदम दाबावी, टीपीएम डॉट एमएससी असे इंग्रजीत टाइप करावे. चिप असेल तर तिची आवृत्ती तिथे दिसते. आणि घरच्या किंवा ओळखीच्या कचेरीच्या संगणकावर, ज्यांच्या नावाच्या शेपटीला व्हीबीएस ही तीन अक्षरे आहेत अशा फायली एकदा शोधून पाहाव्यात. सापडल्या तर त्या काय काम करतात ते आताच एका कागदावर लिहून ठेवावे.